पन्नास रुपयांची पैज साडेपाचशेला कशी पडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यातले चौघे मित्र दर शनिवारी सकाळी गोल्फ खेळतात. त्यांचे कोर्स हँडिकॅप, म्हणजे त्या कोर्सवर प्रत्येकाला मिळणारी फटक्यांची सूट, ९, १६, २२ आणि २८. गेल्या खेपेला त्यांनी ‘पन्नास-पन्नास-पन्नास’ची नॅसो (एकाच मॅचवरच्या तीन पैजा) लावली. फार तर दीडशे जातील अशी हरणाऱ्यांची समजूत होती, पण अंगावर आले प्रत्येकी चारशे. त्यातच नवव्या ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) एक पट, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायचा फटका, ‘दिला’ (न मारताच गेला असं मान्य केलं) की ‘नाही दिला’ यावरून बोलाचाली झाली. आता विचारताहेत की कोणता खेळ लावावा, सवलतीचे स्ट्रोक (फटके) कसे वाटावेत आणि हिशेब कसा ठेवावा.

पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, सगळे विचारतात, ‘आज कितीची?’ हा प्रश्नच बदला. विचारायचं असं: अगदी वाईट दिवशी एकाच्या खिशातून जास्तीत जास्त किती जातील? हा आकडा चौघांना तोंडपाठ असेल तर पन्नास टक्के भांडणं होतच नाहीत. दर आणि कमाल नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नॅसोइतकी त्यांची गल्लत दुसऱ्या कुठल्या खेळात होत नाही.

गंमत म्हणजे नॅसो जन्माला आली तीच नुकसानीला कुंपण घालायला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर नॅसो कंट्री क्लब आहे, तिथे १९०० च्या सुमारास हा प्रकार सुरू झाला. अठरा होलच्या एका मॅचच्या तीन पैजा केल्या: पहिले नऊ, शेवटचे नऊ आणि पूर्ण अठरा. कुणी कितीही धुतला गेला तरी निकाल ३-० च्या पुढे जाणार नाही. तुमच्या मित्रांनी धरलेले दीडशे ते हेच. कुंपण मोडतो तो प्रेस.

प्रेस म्हणजे हरत असलेल्या बाजूने मध्येच लावलेली नवी पैज. तिची रक्कम मूळ पैजेइतकीच असते, ती पुढच्या होलपासून सुरू होते आणि त्या नऊच्या शेवटी संपते. मूळ पैज रद्द होत नाही, दोन्ही सोबत चालतात. ‘ऑटोमॅटिक प्रेस’ ठरला असेल तर शेवटची लावलेली पैज दोन होलने खाली गेली की विचारायची गरज नाही, नवी आपोआप उघडते. आता एखादी जोडी नऊच्या नऊ होल हरली असं धरा. पहिल्या होलची मूळ पैज, मग तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या होलपासून एकेक प्रेस. झाल्या पाच पैजा, म्हणजे २५०. शेवटच्या नऊवर तेच झालं तर आणखी २५०, आणि अठराची मूळ ५०. एकूण ५५०. अठराच्या पैजेवरही प्रेस चालतो असं कुणी पुटपुटलं असेल तर तिथेच नऊ पैजा होतात आणि आकडा ९५० वर जातो. नऊच्या नऊ होल कुणी हरत नाही हे खरं, पण चारशे आले ते याच रस्त्याने आले.

आता तो नववा होल जवळून बघू, कारण भांडण पटवरून झालं असलं तरी त्याचं मूळ आकड्यात आहे. समजा हरणाऱ्या जोडीचा पहिला नऊ असा गेला: पहिला आणि दुसरा होल हरले, तिसरा बरोबरीत, चौथा जिंकला, पाचवा-सहावा हरले, सातवा बरोबरीत, आठवा हरले. मूळ पैजेत ते आठव्याअखेर चार खाली. दुसऱ्या होलनंतर उघडलेल्या पहिल्या प्रेसमध्ये दोन खाली, म्हणून नवव्याच्या टीवर दुसरा प्रेस उघडला. तो फक्त एका होलचा. आता नवव्या ग्रीनवर त्यांच्यापैकी एकाचा मीटरभराचा पट उरलाय. समोरच्यांचा होल संपलाय. पट गेला तर होल जिंकला: मूळ पैज तीनने गेली, पहिला प्रेस एकने गेला, दुसरा प्रेस जिंकला, निव्वळ तोटा ५०. पट चुकला आणि होल बरोबरीत सुटला तर तोटा १००. त्या नादात आणखी एक चुकला आणि होल गेला तर तिन्ही पैजा गेल्या, १५०. म्हणजे ‘पन्नासच्या’ खेळात एका पटवर शंभर रुपये लटकलेत, आणि ते डोक्यात असणारा बहुधा एकच जण असतो. ज्याच्या डोक्यात हिशेब आहे तो गप्प उभा राहतो. ज्याच्या डोक्यात नाही तो म्हणतो, ‘अरे दिला असेल ना,’ आणि बॉल उचलतो.

म्हणून ‘दिलेल्या’ पटचे नियम आधी ठरवा. मॅच प्लेमध्ये, म्हणजे होलमागून होल जिंकण्याच्या खेळात, समोरच्याला पट देणं नियमातच आहे (नियम ३.२). एकदा दिला की परत घेता येत नाही आणि तो नाकारताही येत नाही. दिलेला पट गंमत म्हणून मारला आणि चुकला तरी होल पूर्ण झाला असंच धरतात. पण देणं स्पष्ट असलं पाहिजे. ‘चल’, ‘हं’, मान हलवणं, पुढच्या टीकडे चालू लागणं, यातलं काहीही चालणार नाही. एकच शब्द ठरवा: ‘दिला’. तो ऐकू आल्याशिवाय बॉलला हात नाही.

‘लेदरच्या आत’ हे मोजमाप तुमच्यात वापरत असाल तर त्यातही एक खाच आहे. काही जण लेदर म्हणजे पटरची (पट मारायच्या काठीची) ग्रिप धरतात, ती साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. काही जण पटर होलमध्ये ठेवून ग्रिप जिथे सुरू होते तिथपर्यंतचं अंतर धरतात, ते ६० सेंटिमीटरच्या आसपास येतं. दोघंही ‘लेदर’च म्हणतात आणि दोघंही प्रामाणिक असतात. माझं मत: ग्रिपइतकं अंतर असेल तर न बोलता उचला, त्यापुढचं सगळं समोरच्याच्या तोंडून आलं तरच. स्किन्समध्ये (हा खेळ पुढे येतो) समोरचे तिघे असतात, तिथे तिघांनी दिला तर दिला.

आता स्ट्रोक. आकडे ९, १६, २२, २८ हे कोर्स हँडिकॅप आहेत असं तुम्ही म्हणता, ते चांगलं. पुष्कळ जण हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूच्या कुवतीचा सर्वसाधारण आकडा) आणि कोर्स हँडिकॅप एकच समजतात. २०२० मध्ये आलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत इंडेक्सला त्या टीच्या स्लोप रेटिंगने (कच्च्या खेळाडूला कोर्स तुलनेने किती जड जातो त्याचा आकडा) गुणून ११३ ने भागायचं आणि त्यात कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपवाल्याचा अपेक्षित स्कोअर) वजा पार (कोर्सचे ठरलेले फटके) मिळवायचं. इंडेक्स १४.२, स्लोप १२४, कोर्स रेटिंग ७०.८, पार ७२ असेल तर १४.२ × १२४ ÷ ११३ म्हणजे १५.६, त्यातून १.२ गेले, उरले १४. तोच माणूस अहमदाबादकडे कल्हार किंवा केन्सव्हिलला गेला तर त्याचा आकडा वेगळा येईल. घरचा आकडा बाहेर चालवू नका. पाहुणा नेहमी म्हणतो, ‘मी चौदाचा’. त्याला विचारा, कुठल्या कोर्सवर, कुठल्या टीवरून?

जोडीच्या मॅचमध्ये, ज्यात दोघांपैकी चांगला स्कोअर धरतात, प्रत्येकाला कोर्स हँडिकॅपच्या ९० टक्के द्यायचे आणि सगळ्यात कमी असलेल्याला शून्य धरून बाकीच्यांना फरक द्यायचा. तुमचं गणित: ८, १४, २०, २५. फरक: ०, ६, १२, १७. म्हणजे नऊवाला कोऱ्या हाताने खेळेल, सोळावाल्याला स्ट्रोक इंडेक्स (कार्डावरचा होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ६ च्या होलवर एकेक स्ट्रोक, बाविसवाल्याला १ ते १२ वर, आणि अठ्ठाविसवाल्याला इंडेक्स १८ सोडून सगळीकडे. हे पहिल्या टीवर कार्डावर ठिपके देऊन ठेवा, पेन्सिलीने, प्रत्येकाच्या चौकोनात. ‘इथे मला स्ट्रोक आहे का रे?’ हा प्रश्न ग्रीनवर पट मारण्याआधी विचारला तर ठीक, होल संपल्यावर विचारला की लोकांच्या भुवया चढतात. नऊच होल दोनदा फिरत असाल तर दुसऱ्या फेरीचे इंडेक्स वेगळे असतात, सहसा एका फेरीला विषम आणि दुसरीला सम. पहिल्या फेरीचेच ठिपके पुन्हा दिले तर सतरा स्ट्रोक मिळणाऱ्याला एखादा स्ट्रोक जास्त जातो.

९० टक्के का? कारण जास्त हँडिकॅपवाल्याचा खेळ वर-खाली फार होतो. अठ्ठाविसवाला दहा होल वाया घालवतो आणि एका होलवर अचानक पार करतो. त्यावर स्ट्रोक मिळाला की नेट बर्डी, म्हणजे सूट वजा करून पारपेक्षा एक कमी. जोडीच्या खेळात वाया गेलेले दहा होल जोडीदार सांभाळतो आणि तो एक होल मात्र थेट खिशात जातो. ही सूट कमी करण्यात त्याच्यावर अन्याय नाही.

जोड्या कशा पाडाव्यात? ९ आणि २८ एका बाजूला, १६ आणि २२ दुसऱ्या. बेरीज ३७ आणि ३८. दर शनिवारी हीच जोडी मात्र करू नका, कारण महिन्याभरात नऊवाल्याला वाटायला लागतं की आपण अठ्ठाविसवाल्याचं ओझं वाहतोय, आणि अठ्ठाविसवाल्याला ते जाणवतं. त्यावर उपाय म्हणजे सिक्सेस.

सिक्सेसमध्ये दर सहा होलला जोडीदार बदलतो. तीन छोट्या मॅच होतात, प्रत्येकजण प्रत्येकाबरोबर एकदा खेळतो. प्रेस नाही. पन्नासची एक मॅच ठेवली तर कमाल नुकसान दीडशे, आणि हे दीडशे खरोखरच दीडशे असतात. क्रम असा ठेवा: पहिले सहा ९+१६ विरुद्ध २२+२८, मधले सहा ९+२२ विरुद्ध १६+२८, आणि शेवटचे सहा ९+२८ विरुद्ध १६+२२, म्हणजे सगळ्यात जुळलेली मॅच शेवटी येते. चौथ्या होलवरच तीन खाली गेले तर मॅच संपते आणि दोन होल कोरडे जातात, ही एक उणीव. तिथे फार तर दहा रुपयांची एक छोटी पैज उरलेल्या दोन होलवर चालू द्या, मग कमाल १८० धरा. तुमच्या चौघांसाठी माझी पहिली निवड हीच.

दुसरी निवड पॉट स्किन्स. स्किन्सची प्रसिद्धी १९८३ पासून अमेरिकेत टीव्हीवर निकलॉस, पामर, प्लेअर, वॉटसन यांच्यात रंगलेल्या खेळामुळे झाली. तिथे बरोबरीत सुटलेल्या होलची रक्कम पुढच्या होलवर जमा होत जाते आणि मग एका होलवर ढीग साचतो. टीव्हीला ते छान दिसतं. मित्रांच्या चौकडीत मात्र सहा होलचा ढीग एखाद्याने झाडाला आपटून फेअरवेत (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यात) आलेल्या बॉलवर उचलला की उरलेली सकाळ बेचव होते. त्यापेक्षा असं करा: सुरुवातीला प्रत्येकाचे शंभर, पॉट चारशे. ज्या होलवर एकट्याचा नेट स्कोअर सगळ्यात कमी, त्याची एक स्किन. बरोबरी झाली तर स्किन कुणालाच नाही, साठवणं नाही. शेवटी एकूण स्किन मोजा आणि चारशेला भागा. पाच स्किन झाल्या तर एकेक ऐंशीची. ज्याच्या दोन त्याला एकशेसाठ, म्हणजे निव्वळ साठ नफा. कमाल नुकसान शंभर, आणि ते पहिल्या टीवरच खिशातून निघालेलं असतं. इथे फरक पूर्ण द्या, ०, ७, १३, १९, पण एका होलवर एकापेक्षा जास्त स्ट्रोक नाही. म्हणजे अठ्ठाविसवाल्याचे १९ चे १८ होतात. इंडेक्स १ च्या होलवर त्याला दोन स्ट्रोक दिले तर पार ४ वर त्याचा साधा ५ हा नेट ३ होतो आणि नऊवाल्याला बर्डी मारूनही फक्त बरोबरी मिळते.

तिसरा प्रकार स्टेबलफोर्ड. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी काढलेली ही गुणपद्धत १९३२ मध्ये इंग्लंडातल्या वॉलेसी क्लबवर पहिल्यांदा स्पर्धेत वापरली गेली. नेट पारला २ गुण, बोगीला (पारपेक्षा एक जास्त) १, बर्डीला ३, ईगलला (पारपेक्षा दोन कमी) ४, बोगीहून वाईटला शून्य. बिघडलेला होल शून्यावर सोडून बॉल उचलता येतो, त्यामुळे खेळ रखडत नाही. पैशाचा हिशेब मात्र लोक चुकवतात. ‘गुणाला पाच रुपये’ म्हणजे नेमकं काय? सरासरीपासूनचा फरक, की प्रत्येकाचा प्रत्येकाशी फरक? दुसरी पद्धत चौघांत पहिलीच्या बरोबर चौपट येते, आणि हे न ठरवता खेळलेल्यांना ते शेवटी कळतं.

प्रत्येकाचा प्रत्येकाशी असा हिशेब करायचा तर सोपं सूत्र आहे: स्वतःचे गुण गुणिले चार, वजा चौघांची बेरीज. समजा ३६, ३३, ३१, २६. बेरीज १२६. पहिला १४४ वजा १२६, अधिक १८. दुसरा १३२ वजा १२६, अधिक ६. तिसरा १२४ वजा १२६, उणे २. चौथा १०४ वजा १२६, उणे २२. चौघांची बेरीज शून्य आली पाहिजे, नाही आली तर कुठेतरी चूक आहे. पाच रुपयांनी गुणा: ९०, ३०, उणे १०, उणे ११०. तोट्याला मर्यादा घाला, दीडशे म्हणा. तिघांचे ३६ आणि एकाचे १८ असा दिवस उगवला तर मर्यादेशिवाय त्याचे २७० जातात.

एखादा शनिवारी आलाच नाही आणि तिघेच उरलात तर नाइन्स लावा. प्रत्येक होलला नऊ गुण: पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. वरचे दोघे बरोबरीत तर ४-४-१, खालचे दोघे बरोबरीत तर ५-२-२, तिघेही सारखे तर ३-३-३. अठरा होलला एकूण १६२, सरासरी ५४. इथेही वरचंच सूत्र, फक्त चारऐवजी तीनने गुणायचं.

बिंगो-बँगो-बाँगो हा हँडिकॅपच्या कटकटीशिवायचा खेळ आहे: ग्रीनवर पहिला पोचला त्याला एक गुण, सगळे ग्रीनवर आल्यावर होलच्या सगळ्यात जवळ असलेल्याला एक, पहिला बॉल होलमध्ये घालणाऱ्याला एक. अठ्ठाविसवाल्याला यात खरी संधी असते, कारण लांब राहिलेला आधी मारतो आणि आधी ग्रीनवर पोचू शकतो. म्हणूनच ‘जो तयार तो मारा’ ही सवय इथे बंद ठेवावी लागते. लांबचा आधी, ही रांग काटेकोर पाळली नाही तर खेळाला अर्थच उरत नाही. पार ३ वर टीवरूनच ग्रीन गाठता येतं, तिथे टीवर पहिला उभा राहणाऱ्याला फुकटचा फायदा होतो. पार ३ ला पहिला गुण टी शॉटनंतर ग्रीनवर सगळ्यात जवळ असलेल्याला द्या.

वुल्फ मजेदार आहे, पण सरावलेल्या चौकडीसाठी. दर होलला एकजण वुल्फ, पाळी फिरते. वुल्फ आधी मारतो, मग बाकीच्यांचे टी शॉट बघतो आणि प्रत्येक शॉटनंतर, पुढचा मारायच्या आत, ‘हा माझा जोडीदार’ म्हणायचं की सोडायचं ते ठरवतो. कुणालाच घेतलं नाही तर एकटा तिघांविरुद्ध. गुण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे धरतात. एक चालणारी वाटणी अशी: वुल्फ आणि जोडीदार जिंकले तर दोघांना दोन-दोन, समोरचे जिंकले तर त्यांना तीन-तीन, एकटा जिंकला तर चार, एकटा हरला तर बाकी तिघांना एकेक. सोळा होलमध्ये प्रत्येकाच्या चार पाळ्या होतात, सतरावा-अठरावा सगळ्यात मागे असलेल्याला देतात. मागचा फोरसम टीवर येऊन उभा असेल तर वुल्फ खेळू नका.

दोन खेळ टाळा. पहिला लास वेगास. जोडीचे दोन स्कोअर शेजारी लिहून दोन अंकी आकडा करतात, लहान अंक आधी: ४ आणि ५ म्हणजे ४५, ५ आणि ९ म्हणजे ५९, फरक १४. इथवर ठीक. पण समोरच्याने बर्डी मारली की तुमचा आकडा उलटतो. समोर ३ आणि ५ म्हणजे ३५, तुमचे ५९ उलटून ९५, एका होलला फरक साठ. गुणाला एक रुपया असला तरी अठरा होलची कमाल रक्कम आधी सांगताच येत नाही, आणि जे आधी सांगता येत नाही ते मित्रांत लावू नये. दुसरा, दुपटीचा स्नेक. तीन पट लागले की ‘साप’ त्याच्या गळ्यात, शेवटी ज्याच्याकडे राहील तो सगळ्यांना पैसे देतो. दर वेळी रक्कम दुप्पट करतात तिथे घोळ होतो. दहापासून सुरू केलं तर सहाव्या तीन-पटला ३२० आणि दहाव्याला ५१२०. चौघा हौशी खेळाडूंत अठरा होलमध्ये दहा वेळा तीन पट लागणं काही नवल नाही. दुपटीऐवजी दर वेळी पाच रुपये वाढवा, साप तसाच चावतो.

बारीकसारीक बक्षिसं असतात, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) येऊन पार, पार ३ ला सगळ्यात जवळ, झाडाला लागूनही पार. होलला पाच रुपयांवर ठेवा. त्यातलं झाडवालं मात्र वडोदऱ्यात लावूच नका असं सांगेन. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात गायकवाड बडोदा गोल्फ क्लबचा कोर्स आहे तो जुन्या, घेरदार झाडांमधून जातो; तिथे झाडाला बॉल लागणं हे कौतुकाचं कारण असूच शकत नाही.

तिथली माकडंही हिशेबात धरा. माकडाने किंवा मोराने थांबलेला बॉल हलवला किंवा पळवला, आणि ते डोळ्यांनी दिसलं असेल किंवा जवळपास खात्री असेल, तर दंड नाही, बॉल मूळ जागी, नेमकी माहीत नसेल तर अंदाजाने, परत ठेवायचा (नियम ९.६). मूळ बॉल माकड परत देत नसेल तर दुसरा घ्या. ‘बहुतेक माकडानेच नेला असणार’ एवढ्याने भागत नाही, तो हरवलेला बॉल. शोधायला तीन मिनिटं, २०१९ पासून पाच नाहीत. घड्याळ त्रयस्थाने लावावं, शोधणाऱ्याने नाही. पावसाळ्यात फेअरवेतला बॉल उचलून पुसून ठेवायचा की नाही आणि किती अंतरात, हेही आधीच ठरवा. एक कार्ड लांबी पुरे. ‘ग्रीनपासून थोडं बाजूला’ अशी मोजमापं पावसाळ्यात रबरासारखी ताणतात.

हँडिकॅप फुगवून ठेवणाऱ्याचा प्रश्न कधी ना कधी येतोच. नियमित इंडेक्स शेवटच्या २० पैकी उत्तम ८ फेऱ्यांवर निघतो, त्यामुळे वाईट कार्डं तेवढी नोंदवून चांगली खिशात ठेवली की आकडा वर राहतो. आरोप करण्यापेक्षा चौकडीपुरती एक पद्धत ठेवा: जो जिंकला त्याचा पुढच्या शनिवारी एक स्ट्रोक कमी, जो सलग दोनदा शेवटचा आला त्याला एक जास्त. कुणाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवावं लागत नाही आणि दोन महिन्यांत आकडे आपोआप जागेवर येतात.

पैशाबद्दल कायद्याचं दोन वाक्यांत. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, म्हणजे कुणी दिले नाहीत तर वसुलीला कुठे जाता येत नाही. गुजरातचा जुगारबंदी कायदा कडक आहे, आणि खेळ कौशल्याचा आहे म्हणून त्यावर लावलेल्या रोख पैशाला आपोआप मोकळीक मिळते असं धरून चालू नका. शिवाय बहुतेक क्लबना आवारात रोखीची देवघेव नकोच असते. हौशी खेळाडूच्या दर्जाबाबत आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम करणाऱ्या संस्थांची भूमिका बरीच वर्षं अशी होती की खेळणारे एकमेकांना ओळखतात, पैसे फक्त खेळणाऱ्यांचे आहेत, भाग घेणं ऐच्छिक आहे आणि रक्कम भरमसाट नाही, तर त्यांना हरकत नाही. दुसऱ्यांच्या जोड्या लिलावात विकत घेण्याचा ‘कलकत्ता’ नावाचा प्रकार त्यांना पसंत नव्हता. तुमच्या चौघांचं तिथपर्यंत काही जात नाही.

तरीही वडोदऱ्यात मला सगळ्यात सोयीचं एकक वाटतं ते सेव उसळची प्लेट. परदेशी पुस्तकांत सगळ्या पैजा शेवटी बिअरच्या ग्लासात मोजलेल्या असतात, गुजरातेत तो प्रश्नच नाही. सिक्सेसची एक मॅच म्हणजे एक प्लेट, तीन मॅच, कमाल तीन प्लेट. तीन प्लेट कुणी एका सकाळी खात नाही, म्हणून उरलेल्या पुढच्या शनिवारच्या खाती जमा. जादा पाव आणि ताक ज्याचं त्याने, नाहीतर त्यावरून नवा प्रेस निघेल.

हिशेब एकाच माणसाने ठेवावा आणि दुसऱ्याने दर तिसऱ्या होलला मोठ्याने वाचून घ्यावा. पुढच्या होलवर पहिला टी शॉट गेला की मागचा होल बंद, मग आठवलेला स्ट्रोक कितीही खरा असला तरी गेला. फेडाफेड पार्किंगमध्ये, गाडीत बसण्याआधी. ‘पुढच्या वेळी बघू’ असं दोनदा झालं की कुणाचे किती याच्या दोन वेगळ्या कहाण्या तयार होतात.

शुक्रवारी रात्री ग्रुपवर टाकायला एक मजकूर देतो, नावं-आकडे बदलून घ्या:

‘उद्या ६.१५. सिक्सेस, मॅचला ५०, प्रेस नाही. कमाल १५०. स्ट्रोक ०-६-१२-१७, ठिपके टीवर. ग्रिपइतका पट उचला, पुढचा “दिला” ऐकल्यावरच. फेअरवेत बॉल पुसून एक कार्ड लांबीत. बॉल शोधायला ३ मिनिटं. हिशेब बाविसवाल्याकडे, वाचून घेणार नऊवाला. कुणाला काही बदलायचं असेल तर आज रात्री दहापर्यंत बोला.’

आणि कॅडींचे पैसे व नाश्ता या हिशेबात कुठेही येऊ देऊ नका, ते चौघांनी सारखे वाटून आधीच बाजूला काढा. हरलेल्या माणसाने कॅडीच्या हातावर कमी ठेवलेलं सगळा क्लब बघत असतो. पट दिला होता की नव्हता याची साक्ष काढायलाही कॅडीकडे वळू नका. त्याला पुढच्या शनिवारी तुम्हा दोघांचीही बॅग उचलायची असते.